दगडाची गोष्ट: पाच खंडांचा जमाखर्च

पेंग्विन क्लासिक्सचा 'द स्टोरी ऑफ द स्टोन' हा पाच खंडांचा संच घेण्यासारखा आहे का, असं मला अलीकडे दोघातिघांनी विचारलं. माझं उत्तर 'हो, घ्या' असंच आहे, फक्त पहिल्या खंडाची प्रस्तावना ओलांडून पुढे जाऊ नका. 'ड्रीम ऑफ द रेड चेंबर' या नावानेही ओळखली जाणारी ही अठराव्या शतकातली चिनी कादंबरी लेखक त्साओ शुएछिनचं आयुष्य माहीत नसेल तर बड्या घरच्या पोरापोरींच्या कविता, आजारपणं आणि रुसवेफुगवे यांतच फिरत राहते, असं वाटतं. ते आयुष्य माहीत झालं की त्याच प्रसंगांमागे एक जप्ती झालेलं घर दिसायला लागतं, आणि मग पुस्तक खाली ठेववत नाही.

माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. त्यामुळे कुठल्याही घराण्याची गोष्ट वाचताना पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, हे मी बघतेच. 'थ्री किंग्डम्स' किंवा 'जर्नी टु द वेस्ट' या जुन्या चिनी कादंबऱ्या वाचताना या सवयीचा काही उपयोग होत नाही. तिथल्या लेखकांचे कागदही फारसे हाती लागत नाहीत. 'जर्नी'ची १५९२ची नानजिंगची छापील आवृत्ती तर लेखकाच्या नावाशिवायच निघाली होती. त्साओ शुएछिनचं तसं नाही. त्याच्या स्वतःविषयीची माहिती तुटपुंजी असली तरी त्याच्या घराण्याचे हिशेब, बादशहाशी झालेला पत्रव्यवहार आणि जप्तीची मोजदाद सरकारी दप्तरात राहिली. मला ही कादंबरी त्या दप्तराशेजारी ठेवून वाचावीशी वाटते.

आधी संचाविषयी. एकूण १२० प्रकरणं. पहिले तीन खंड, म्हणजे पहिली ८० प्रकरणं, डेव्हिड हॉक्स यांनी इंग्रजीत आणली; ते खंड १९७३, १९७७ आणि १९८० साली आले. उरलेले दोन त्यांचे जावई जॉन मिनफर्ड यांचे, १९८२ आणि १९८६चे. हॉक्स ऑक्सफर्डमध्ये चिनीचे प्राध्यापक होते. १९७१ साली त्यांनी ती खुर्ची सोडली, कारण हे काम नोकरी सांभाळून होण्यासारखं नव्हतं. त्यांचं गद्य वाचताना ही किंमत मोजल्याचं जाणवतं. दासींची भांडणं, म्हाताऱ्या दायांची बडबड, वैद्याचं गुळमुळीत बोलणं, प्रत्येकाचा सूर वेगळा लागतो.

प्रत्येक खंडाच्या शेवटी त्यातल्या पात्रांची यादी आणि घराण्याच्या वंशावळी आहेत. तिथे एक खूणपट्टी कायमची घालून ठेवा. कादंबरीत चारशेच्या वर माणसं आहेत आणि पहिल्या पंधरा प्रकरणांत सतत मागे उलटावं लागतं. हॉक्स यांनी मालक मंडळींची नावं चिनीच ठेवली आणि दासींची इंग्रजी केली: अरोमा, पेशन्स, फेथफुल. काही वाचकांना हे खटकतं. मला ते सोयीचं वाटलं, कारण कोण घरचं आणि कोण चाकरीचं हे नावावरूनच कळतं, आणि या घरात तो फरक जेवणाच्या ताटापासून अंत्यविधीपर्यंत सगळीकडे आहे. टाइप मात्र बारीक आहे आणि खंड जाडजूड. रात्री दिव्याखाली वाचणाऱ्यांनी ते ध्यानात घ्यावं.

आता लेखकाचं घराणं. त्साओ मंडळी त्या वेळी चीनवर राज्य करणाऱ्या मांचू राजघराण्याची वंशपरंपरागत दास होती, पण बादशहाच्या खासगीतली, त्यामुळे त्यांचा दबदबा मोठा होता. शुएछिनची पणजी कांगशी बादशहाची दाई. तिचा मुलगा त्साओ यिन नानजिंगच्या शाही रेशीम कारखान्यांचा अधिकारी झाला. हा माणूस स्वतः कवी आणि ग्रंथप्रेमी. थांग काळातल्या जवळपास ४९ हजार कवितांचा प्रचंड संग्रह त्याच्या देखरेखीखाली तयार झाला. कांगशीने दक्षिणेचे सहा दौरे केले. त्यांतल्या शेवटच्या चार दौऱ्यांत, १६९९ ते १७०७ या काळात, बादशहाची सरबराई त्साओ यिनकडे होती.

चार वेळा बादशहा घरी येणं हा मान खरा, पण त्याचा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा? ऋण काढून सण म्हणतात तो हाच, फरक एवढाच की ऋण सरकारी तिजोरीतून निघालं. तूट भरून निघावी म्हणून बादशहाने त्साओ यिन आणि त्याचा सोयरा ली शू यांना आळीपाळीने ल्यांगहुआई या भागातल्या मिठाच्या महसुलाचं काम दिलं. तिथेही भोकं पडलेलीच होती. कांगशीने त्साओ यिनच्या एका अर्जावर स्वतःच्या हाताने शेरा लिहिला: तूट फार आहे, काहीतरी करून भरून काढ, आणि जप, जप, जप, जप. एकच शब्द चार वेळा. असा शेरा मी माझ्या कारकिर्दीत कुठल्या फाइलवर पाहिला नाही. त्यात धाक आहे आणि मायाही. १७१२मध्ये त्साओ यिनला हिवताप झाला तेव्हा याच बादशहाने घोडेस्वार दौडवून क्विनीन पाठवलं, घ्यायचं कसं तेही कळवलं. औषध पोचायच्या आत तो गेला.

तूट मागे राहिली. आधी मुलगा त्साओ योंग गादीवर आला, तो लवकरच वारला. मग दत्तक आणलेला त्साओ फू. हा शुएछिनचा बाप की काका, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. १७२२मध्ये कांगशी गेला आणि योंगचंग आला. नव्या बादशहाला जुन्या दाईचं काही देणं नव्हतं, त्याने बाकी मागितली. १७२८च्या सुरुवातीला जप्ती झाली. नवा अधिकारी सुई हदे याने बादशहाला कळवलेला तपशील असा: घरं १३ ठिकाणी, मिळून ४८३ खोल्या, जमीन ८ ठिकाणी, लहानमोठी, बायकापुरुष धरून चाकरमाणसं ११४. बाकी काय? टेबलं, खुर्च्या, पलंग, जुने कपडे, आणि शंभराच्या वर गहाणाच्या पावत्या.

या पावत्यांपाशी मी थांबले. ४८३ खोल्यांचा मालक सावकाराच्या दुकानात चीजवस्तू ठेवून घर चालवत होता. बडा घर, पोकळ वासा. त्या वेळी शुएछिन बहुधा बारा-तेरा वर्षांचा होता. सगळं समजायला लहान, पण विसरायला मोठा.

हे डोक्यात ठेवून कादंबरीतलं सोळावं प्रकरण वाचा. कादंबरी ज्यांची आहे त्या जिआ घराण्याची थोरली मुलगी बादशहाची राणी झाली आहे आणि ती माहेरी येणार म्हणून बाग उभारायचं चाललं आहे. म्हातारी दाई जुन्या आठवणी सांगते: दक्षिणेत एक चन घराणं होतं, त्यांच्याकडे बादशहा चार वेळा उतरला होता, चांदीची माती झाली होती तेव्हा. घरची कारभारीण शिफंग विचारते की एवढा पैसा त्यांच्याकडे आला कुठून? दाई म्हणते, कुठून येणार, बादशहाचाच पैसा बादशहावर उधळला. एका नोकराणीच्या तोंडी घातलेल्या या वाक्यात लेखकाने आजोबांचं अख्खं खातं लिहून ठेवलं आहे. पोथीवर टीपा लिहिणारा 'रेड इंकस्टोन' या टोपणनावाचा घरोब्यातला कुणीतरी होता. त्यानेही इथे नोंदवलं आहे की राणीच्या भेटीच्या आडून दक्षिणेच्या दौऱ्यांबद्दलच लिहिलं आहे.

पैशाचं असं लिहिणं पाचही खंडांत पसरलेलं आहे, आणि ते कधी आकडेवारीसारखं कोरडं येत नाही. लिऊ नावाची खेडवळ म्हातारी दूरच्या नात्याच्या आधाराने मदत मागायला येते. शिफंग तिला वीस टेल चांदी देते. एक टेल म्हणजे साधारण ३७ ग्रॅम. म्हातारीचं घर त्यावर सावरतं. पुढे ती पुन्हा येते तेव्हा बागेत नुकतीच खेकड्यांची मेजवानी झालेली असते. म्हातारी तिथल्या तिथे तोंडी हिशेब करते, खेकडे इतके, दर इतका, वर दारू आणि पदार्थ, झाले वीसच्या वर टेल. आमचं वर्ष निघतं एवढ्यात, म्हणते. तिच्या बोलण्यात टोमणा नाही, निव्वळ अचंबा आहे. मग जेवताना वांग्याची एक भाजी तिच्या तोंडात पडते आणि तिला ते वांगं वाटतच नाही. शिफंग कृती सांगते: वांगी सोलून बारीक चिरायची, कोंबडीच्या चरबीत तळायची, कोंबडीचं मांस, अळंबी, बांबूचे कोंब, सुका मेवा घालून कोंबडीच्या रश्शात आटवायची, मग बरणीत बंद करून ठेवायची. म्हातारी जीभ बाहेर काढते. एका वांग्यापायी दहा कोंबड्या! वाचक हसतो, आणि त्याला घराचा खर्चही कळलेला असतो.

दुसऱ्या खंडाच्या शेवटी, ५३व्या प्रकरणात, वर्षअखेरीला जमिनीवरचा कारभारी वू बर्फातून एक महिना आणि दोन दिवस प्रवास करून जमिनीचा वसूल घेऊन येतो. लेखक पूर्ण यादी देतो. तीस मोठी हरणं, अस्वलाच्या पंजांच्या वीस जोड्या, तीस हजार चिनी शेर सरपण-कोळसा, शिवाय पोरांना खेळायला म्हणून हरणांच्या दोन जिवंत जोड्या आणि काळेपांढरे ससे. वाचून डोळे दिपतात. मग खालची ओळ: धान्य आणि जनावरं विकून आलेली रोकड, २,५०० टेल. मालक जिआ चन म्हणतो, मी किमान ५,००० धरले होते. कारभारी गारपिटीचं सांगतो. मालकाचा मुलगा हसत हसत बोलून जातो की राणीसरकार आणखी एकदा माहेरी आल्या तर आम्ही पुरते धुतले जाऊ. उत्पन्न अंदाजाच्या निम्मं, आणि तरीही पुढच्याच पानांवर नव्या वर्षाचा सोहळा पूर्ण थाटात होतो. मालमत्ता भरपूर आणि हातात रोकड नाही, हे बुडणाऱ्या खात्याचं पहिलं लक्षण. ते इतकं नेमकं दुसऱ्या कुठल्या कादंबरीत मी वाचलेलं नाही.

तिसरा खंड मला सगळ्यांत जास्त आवडतो. कवितांच्या मैफली मागे पडतात आणि घर आतून उसवायला लागतं. तानछुन ही रखेलीची मुलगी, म्हणून पायरीने खाली, पण घरातलं सगळ्यांत स्वच्छ डोकं तिचं. शिफंग आजारी असताना कारभार तिच्या हाती येतो. ती पहिल्यांदा काय करते? मुलींच्या तेल-पावडरीवर दरमहा दोनदा होणारा खर्च पकडते आणि एक बाजू बंद करते. मग बाग म्हाताऱ्या चाकरणींना वाटून देते: बांबू एकीकडे, भात दुसरीकडे, फुलं तिसरीकडे, ज्याने त्याने पिकवावं आणि त्यातूनच बागेचा खर्च भागवावा. वर्षाला ४०० टेल वाचतात. योजना चोख आहे, पण घर इतकं पुढे गेलं आहे की ४०० टेलने काही सावरत नाही. वाचताना माझा जीव तिच्यासाठी तुटला. पुढे ७४व्या प्रकरणात घरातलेच लोक रात्री बागेची झडती घेतात तेव्हा तीच भडकून सांगते की मोठी घराणी बाहेरच्यांच्या माराने एकदम मरत नाहीत, आधी घरच्यांनीच एकमेकांना खायला लागतं. ज्याने लहानपणी खरी झडती पाहिली, त्याने लिहिलेली ही ओळ आहे.

या खंडातला एक छोटा प्रसंग मात्र ठरवून हळू वाचा. बागेतल्या नात्यातल्या मुलींपैकी शियांगयुनला एक चिटोरं सापडतं. ती ते घेऊन येते आणि विचारते, ही हिशेबाची चिठ्ठी आहे का? कादंबरीची नायिका दाईयू बघते, तिलाही कळत नाही. आसपासच्या म्हाताऱ्या बायका हसतात. ती गहाणाची पावती असते. शिंग शिऊयान या गरीब नातेवाईक मुलीने थंडीचे कपडे गहाण टाकलेले असतात, कारण महिन्याच्या दोन टेलमधला एक आईबापांना द्यायचा आणि उरलेल्यात चाकरणींची तोंडं गोड ठेवायची. ते दुकान बाओछाई या दुसऱ्या एका नातलग मुलीच्या माहेरचं निघतं, आणि शिऊयानचं लग्नही त्याच घरात ठरलेलं असतं. बाओछाई गमतीने म्हणते, माणूस यायच्या आधी कपडे येऊन पोचले. बागेतल्या मुलींना पावती ओळखू येत नाही. ज्याच्या घरी अशा शंभर पावत्या निघाल्या त्याने हे लिहिताना काय वाटून घेतलं असेल, हे त्याने कुठेच सांगितलेलं नाही. त्याने फक्त मुलींना निरागसपणे विचारू दिलं.

पुढे धागा घट्ट होत जातो. शिफंग नोकरांचे पगार अडवून ते पैसे व्याजाने फिरवते. तिचा नवरा घरातल्या थोरल्या आजीची सोन्याचांदीची भांडी पेटीत भरून गुपचूप गहाण ठेवायची सोय बघतो. औषधासाठी चांगलं जिनसेंग हवं असतं तर घरात काडीएवढ्या मुळ्या निघतात, आणि आजीकडे बोटाएवढं जाड निघतं ते इतकं जुनं की त्यात गुण उरलेला नाही.

शुएछिन स्वतः पुढे बेजिंगच्या पश्चिमेच्या डोंगरपायथ्याशी राहिला. चित्रं विकायचा. मित्र दुन छंग याच्या एका कवितेत त्याचं घर दिसतं: सगळं कुटुंब पेजेवर आणि दारू बहुतेक वेळा उधारीवर. पहिल्या प्रकरणातच तो सांगतो की या पुस्तकावर दहा वर्षं गेली आणि पाच वेळा ते फिरून लिहिलं. लहान मुलगा दगावला, त्या दुःखात तोही गेला, १७६३ किंवा १७६४ साली, चिनी वर्षाच्या शेवटच्या रात्री. तोवर कादंबरी छापली गेली नव्हती, हस्तलिखितांतून फिरत होती. छंग वेईयुआन आणि गाओ अ यांनी १७९१मध्ये १२० प्रकरणांची छापील आवृत्ती काढली, ती त्याच्या मृत्यूनंतर पाव शतकाने.

त्यामुळे चौथ्या-पाचव्या खंडाचा प्रश्न उरतो. शेवटची ४० प्रकरणं कुणाची? अभ्यासक हू शी यांनी १९२१ साली ती गाओ अ यांची ठरवली आणि ते बरीच वर्षं चाललं. बेजिंगच्या पीपल्स लिटरेचर पब्लिशिंग हाउसने २००८च्या आवृत्तीत मात्र पुढचा भाग 'अज्ञात' लेखकाचा आणि छंग-गाओ यांना संपादक म्हणून छापलं. माझं मत वाचकाचं आहे: हिशेबाचा हात बदलल्यासारखा वाटतो. १०५व्या प्रकरणातली जप्ती जोरदार आहे, व्याजाचे रोखे सापडतात तेव्हा शिफंगचा सगळा डोलारा कोसळतो, आणि आजीबाई आपली साठवण काढून सगळ्यांना वाटून देतात तो भाग फार सुंदर आहे. पण त्यानंतर पदवी परत मिळते, मालमत्ता परत मिळते, नातू परीक्षा पास होतो. पाचव्या प्रकरणातलं गाणं तर सगळं संपून पांढरीफटक जमीन उरेल असं बजावून गेलं होतं. त्साओ घराण्याला कोणी ४८३ खोल्या परत दिल्या नव्हत्या. हा शेवट मला पटत नाही. तरीही चौथा खंड घ्याच, दाईयू आपल्या कविता जाळते ते प्रकरण त्यात आहे, आणि मिनफर्ड यांनी ते थेट, आवाज न चढवता आणलं आहे.

यांग शियान्यी आणि ग्लॅडिस यांग या पतीपत्नींचा बेजिंगहून १९७८ ते १९८० या काळात निघालेला तीन खंडांचा अनुवादही चांगला आहे. सांस्कृतिक क्रांतीत दोघांनी चार वर्षं तुरुंगात काढली, त्याच्या अलीकडे-पलीकडे हे काम झालं. तो मुळाला अधिक चिकटून जातो आणि आटोपशीर आहे. अभ्यासाला तो बरा. घराचे आवाज ऐकायचे असतील तर हॉक्स.

पहिली पाच प्रकरणं जड जातात. दगड, स्वप्न, भविष्य सांगणारी पुस्तकं, सगळं एकदम येतं. सहाव्यात लिऊ म्हातारी दारात उभी राहिली की वाट मोकळी होते, तोवर धीर धरा. मैफलींतल्या कोड्यांच्या कविता मी पहिल्या वाचनात भराभर उलटल्या आणि कथेचं काही बिघडलं नाही.

खरेदीचं एकच सांगते. सगळा संच एकदम घेणं जमत नसेल तर पहिला खंड एकटा मागवू नका, दुसरा सोबत घ्या. पहिला संपतो तो २६व्या प्रकरणावर: दाईयू कादंबरीचा नायक बाओयू याच्या दाराबाहेर ताटकळते आहे, आतल्या दासीने तिचा आवाज न ओळखता दार उघडायला नकार दिला आहे, आणि मग दार उघडून कुणीतरी बाहेर येतं. कोण, ते दुसऱ्या खंडाच्या पहिल्या पानांवर आहे.